विडीमुळे कर्करोग होतो हे कळतं, मग ‘बाबांनाच का’ हे का कळत नाही?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला घरचा. आजोबांनी उभं आयुष्य विड्या ओढल्या आणि ते नव्वदीला टेकले. बाबांनी तंबाखूला कधी हात लावला नाही आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने साठीतच गेले. मग ‘धूम्रपानामुळे कर्करोग होतो’ या वाक्याला अर्थ तरी काय उरतो? दुसरा भाग तत्त्वज्ञानाचा. अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम म्हणतो, कारण कधीच दिसत नाही, दिसतात त्या एकामागून एक घडणाऱ्या घटना. मग विज्ञान ज्याला कारण म्हणतं ती आपल्या मनाची सवयच ना? आणि तसं असेल तर खरं काय आहे हे माणसाला कधी कळणार?

मी साथरोगशास्त्राचा डॉक्टर आहे. कशामुळे काय होतं हे शोधण्यात आणि विद्यार्थ्यांना ते शोधायला शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे दुसऱ्या भागाचं उत्तरही मी माझ्या कामाच्या वाटेनेच देईन. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘विडीमुळे कर्करोग होतो का’ आणि ‘बाबांना कर्करोग का झाला’ हे दोन अगदी वेगळ्या जातीचे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर माणसाला जितकं पक्कं कळू शकतं तितकं पक्कं आपल्याला माहीत आहे. दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही, आणि ते यंत्रं कमी पडतात म्हणून नव्हे.

ह्यूमचा मुद्दा बरोबर आहे, तो मी खोडणार नाही. १७४८ साली त्याने लिहिलं की एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा चालू लागतो, एवढंच आपण पाहतो. पहिल्याने दुसऱ्याला ‘चालवलं’ हे कुठेच दिसत नाही. आपल्याकडे चार्वाकांनी अनुमानावर घेतलेला आक्षेप याच धाटणीचा आहे: आजवर जिथे धूर पाहिला तिथे विस्तव होता, म्हणून उद्याही असेल, हे कशावरून? या आक्षेपाला उत्तर देता देता नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, जे घडवलं, ते मला आजही वर्गात उपयोगी पडतं.

न्यायाची कारणाची व्याख्या अशी: जे कार्याच्या आधी नेमाने असतं आणि ‘अन्यथासिद्ध’ नसतं, ते कारण. सगळी गोम या शेवटच्या अटीत आहे. कुंभार घडा करतो तेव्हा चाक असतं, दांडा असतो, माती असते. माती वाहून आणणारं गाढवही दारात उभं असतं. कुंभाराचा बाप त्याच्या आधी होऊन गेलेला असतो आणि दांड्याला काही एक रंगही असतो. हे सगळं घड्याच्या आधी हजर असतं, पण घड्याला लागतं ते यातलं थोडंच. गाढव नुसतं हजर आहे. त्याच्या ऐवजी बैलगाडीने माती आली असती तरी घडा झालाच असता. साथरोगशास्त्राचं निम्मं काम म्हणजे रोगाच्या दारात उभी असलेली गाढवं ओळखणं.

एक खरंखुरं गाढव दाखवतो. लंडनमध्ये १८४९ च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर विल्यम फार नावाच्या अत्यंत सचोटीच्या आकडेतज्ज्ञाने हिशेब मांडला. थेम्स नदीपासून वस्ती जितक्या उंचीवर, तितके कॉलऱ्याचे मृत्यू कमी. संबंध इतका नेमका की त्याचं सूत्र बनवता आलं. तेव्हा रोग दूषित हवेमुळे होतात अशी समजूत होती आणि नदीकाठची जड, कुबट हवा सखल भागात साचते हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. आकडे खरे होते, क्रम नेमाचा होता, स्पष्टीकरणही हाताशी होतं. आणि तरीही उंची हे कारण नव्हतं. सखल वस्त्यांना पाणी नदीच्या घाण पट्ट्यातून मिळत होतं, हे खरं कारण उंचीच्या आड लपलं होतं.

अशा आड लपलेल्या गोष्टीला न्यायात ‘उपाधी’ म्हणतात. धूर असेल तिथे विस्तव असतो हे खरं, पण विस्तव असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याला धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे, आणि ओलं सरपण ही उपाधी. आम्ही तिला ‘कन्फाउंडर’ म्हणतो. दोन्ही कल्पना तंतोतंत एक नाहीत, पण शोधण्याची वृत्ती तीच आहे: दोन गोष्टी जोडीने दिसल्या की तिसरी कुठे लपली आहे का ते बघ.

ही वृत्ती पुस्तकातूनच येते असंही नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रसूतीच्या वॉर्डातल्या नोंदींवरून मांडणी केली की मशेरी लावणाऱ्या आयांची बाळं वजनाने हलकी भरतात. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, मशेरी लावणाऱ्या बायांना दोन वेळचं पोटभर मिळतं का, ते आधी विचारा ना.” सिस्टरांनी उपाधीवर नेमकं बोट ठेवलं होतं. मशेरी आणि हलकं बाळ, दोन्ही गरिबीतून आलेली असू शकतात. मग काय करायचं? सारख्याच परिस्थितीतल्या, सारख्या वयाच्या, सारख्या शिक्षणाच्या बायका घ्यायच्या आणि त्यांच्यातच मशेरीवाल्या व बिनमशेरीवाल्या ताडून पाहायच्या. मुंबईत असा अभ्यास झाला. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि या बाकीच्या गोष्टींचा हिशेब वजा करूनही धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. सिस्टरांची शंका रास्त होती. ती तपासली गेली, आणि तपासल्यावरही फरक उरला.

आता त्याच काळातल्या लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोकडे येतो, कारण ह्यूमला माझ्या शास्त्राने दिलेलं सगळ्यात चांगलं उत्तर त्याच्या हातून घडलं. स्नोच्या सांगण्यावरून लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढला आणि कॉलऱ्याची साथ थांबली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. खरं तर दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरत चालली होती, आणि स्नोने ते स्वतःच लिहून ठेवलं आहे. पंपाच्या गोष्टीत मला जास्त मोलाचे वाटतात ते अपवाद. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण ते बिअर पीत आणि भट्टीला तिची स्वतःची विहीर होती. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मात्र दगावली, कारण तिला ब्रॉड स्ट्रीटच्याच पाण्याची चव आवडायची आणि ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. हवा हे कारण असतं तर हे दोन्ही उलट व्हायला हवं होतं.

पण त्याचं मोठं काम दक्षिण लंडनमधलं आहे. तिथे एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलण्याची जागा बदलून शहराच्या वर, नदीच्या स्वच्छ भागात नेली होती. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराचं सांडपाणी मिसळलेल्या भागातूनच पाणी घेत होती. या घराला एक, शेजारच्या घराला दुसरी. श्रीमंत-गरीब, उंच-सखल, कुबट हवा-मोकळी हवा, सगळं दोन्हीकडे सारखंच विभागलेलं. तीन लाखांच्या आसपास माणसं आपल्या मर्जीने नव्हे, बहुतेकदा नकळतच दोन गटांत विभागली गेली होती. स्नो मृत्यू झालेल्या घरांचे दरवाजे ठोठावत फिरला. भाडेकरूंना आपलं पाणी कुठल्या कंपनीचं हे ठाऊकच नसायचं. मग तो नळाचं पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचा. भरतीचं खारं पाणी मिसळलेल्या साउथवार्कच्या पाण्यात मीठ लॅम्बेथच्या जवळजवळ चाळीस पट, त्यामुळे दाट पांढरा साका बसायचा. लॅम्बेथच्या पाण्यात नुसती गढूळ छटा यायची. असा एकेका घराचा निवाडा करून त्याने बेरीज मांडली: साउथवार्कच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ विरुद्ध ३७.

आता ह्यूमला विचारा. कारण ‘दिसलं’ का? नाही दिसलं. स्नोने कॉलऱ्याचा जंतूही पाहिला नव्हता. पण ‘एकामागून एक घडलं’ यापेक्षा बरंच जास्त त्याच्या हाती होतं. पाणी सोडून बाकी सगळं सारखं ठेवल्यावर काय होतं, हे त्याला कळलं होतं. ही नुसती मनाची सवय नव्हे. सवयीने तर सगळं लंडन हवेला दोष देत होतं.

मग शंका संपते का? कधीच नाही. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष रुग्ण तपासले. त्यांत धूम्रपान न करणारे फक्त दोन निघाले, तर तुलनेसाठी घेतलेल्या तेवढ्याच इतर रुग्णांत २७. आर. ए. फिशर हे विसाव्या शतकातले सर्वांत मोठे संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी आक्षेप घेतला: असं का नसेल की एखादा जन्मजात गुण माणसाला सिगारेटकडेही ओढतो आणि कर्करोगाकडेही? म्हणजे सिगारेट हे पुन्हा गाढवच. आक्षेप वजनदार होता. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी दिलेलं उत्तर मला फार सुंदर वाटतं. ते म्हणाले, सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोग नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या गुणामुळे असेल, तर तो गुण ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट असायलाच हवा. दाखवा असा गुण. कोणालाही दाखवता आला नाही. पुढे फिनलंडमध्ये एक ओढणारा आणि एक न ओढणारा अशा जुळ्यांच्या जोड्यांकडे पाहिलं, तेव्हाही ओढणाराच आधी जाताना दिसला. आणि ओढणं सोडलेल्यांचा धोका कमी होत जातो; तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला सिगारेटमुळे गमवावी लागणारी आयुष्याची जवळजवळ दहाही वर्षं परत मिळतात, साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला तीनेक. जन्मजात गुण काही सिगारेट विझवल्यावर कमी होत नाही.

शंका घेणाऱ्यानेही आपली शंका नेमकी मांडली पाहिजे, ही अट इथे आली. हजार वर्षांपूर्वी मिथिलेच्या उदयन या नैयायिकाने हेच म्हटलं होतं: ‘व्याघातावधिराशङ्का’, शंकेची हद्द तिथे, जिथे ती स्वतःच्या वागण्याशी विसंगत ठरते. धूर हवा म्हणून विस्तव पेटवणारा, भूक लागली म्हणून जेवणारा माणूस कार्यकारणावर सरसकट शंका घेतो तेव्हा त्याचं वागणंच त्याला खोडून काढतं. अद्वैत वेदान्ती श्रीहर्षाने पुढे हाच श्लोक फिरवून उदयनावर उलटवला: विसंगती आहे म्हणता, म्हणजे शंका आहे हे मान्यच केलंत. निव्वळ तर्काच्या खेळात मला श्रीहर्ष जिंकलेला वाटतो. सर्वसाधारण, सगळ्यावरच घेतलेल्या शंकेला तर्काने हरवता येत नाही. पण तिने काही शोधताही येत नाही. फिशरची शंका नेमकी होती, म्हणून तिच्यातून ज्ञान वाढलं.

हे मी विजयाच्या सुरात लिहीत नाही, कारण आमचं शास्त्र अनेकदा फसलं आहे. गाजरासारख्या भाज्यांत असणाऱ्या बीटा-कॅरोटिन या रंगद्रव्याचं उदाहरण पुरेसं आहे. भाज्या-फळं खाणाऱ्यांच्या रक्तात ते जास्त असतं आणि त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं एकामागून एक अभ्यास सांगत होते. शरीरात ते काय करतं याचं स्पष्टीकरणही तयार होतं. मग फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटून गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. नुसतं पाहून जे कारण वाटलं होतं, ते हात घालून पाहिल्यावर उलटं निघालं. म्हणूनच पाहणं आणि बदल करून पाहणं यांत आम्ही इतका फरक करतो.

आता आजोबा. १८९२ मध्ये म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी, त्र्याहत्तर वर्षांच्या वयात, कॉलऱ्याच्या जंतूंचं द्रावण चारचौघांदेखत पिऊन टाकलं. पोटातलं आम्ल आड येऊ नये म्हणून आधी सोडाही घेतला. त्यांना जंतू हे एकटं कारण मान्य नव्हतं. थोडे जुलाब झाले आणि ते सुखरूप राहिले. जंतू निर्दोष होता का? अजिबात नाही. पण एकटा जंतू पुरत नाही: किती गेले, पोटाची स्थिती काय, आधी कधी लागण होऊन गेली होती का, असं बरंच जुळून यावं लागतं. रोग घडवणारी कारणं जवळजवळ नेहमी अशी एकत्र जमून येणारी असतात. विडी हा त्यातला एक घटक. ब्रिटनच्या आकड्यांप्रमाणे शेवटपर्यंत सिगारेट ओढत राहिलेल्या पुरुषांपैकी पंचाहत्तरीपर्यंत फुफ्फुसाच्या कर्करोगाने दगावण्याचं प्रमाण सुमारे १६ टक्के आहे, कधीच न ओढणाऱ्यांत एक टक्क्याहून कमी. तुमचे आजोबा उरलेल्या ८४ मधले. बाबा त्या एक टक्क्याच्या आतले. दोघेही नियमाला अपवाद नाहीत. या नियमात दोघांनाही जागा आहे.

आता सर्वांत अवघड भागाकडे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे बाळं वाचली, यात मला शंका नाही. पण त्या ३९ गावांत जा आणि तेव्हा जगलेल्या एकेका मुलाकडे पाहा. यातलं कोणतं मूल या सेवेमुळे जगलं? कोणीच सांगू शकत नाही. बरीच मुलं एरवीही जगली असती. एखादं गंभीर आजारी पडून, इंजेक्शन मिळून बरं झालेलं असेल, तरी तेच बाळ, तोच दिवस, इंजेक्शनाशिवाय, असं आपल्याला पाहता येत नाही. गावाशी ताडून पाहायला दुसरं गाव मिळतं. एका बाळाशी ताडून पाहायला तेच बाळ पुन्हा मिळत नाही.

ज्ञानाची मर्यादा मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसते. ‘यांनाच का’ याचा अर्थ होतो: अमुक गोष्ट नसती तर यांना हे झालं असतं का? त्या ‘नसती तर’च्या जगात जायला वाट नाही. उद्या कितीही चांगलं यंत्र आलं तरी ते घडलेलंच मोजेल. समूहाबद्दल आपण जे जाणतो ते उसनं घेऊन एका माणसाबद्दल शक्यता बोलता येते. बिडीकाडी ओढणाऱ्या रुग्णाबद्दल मी म्हणेन, बहुधा तंबाखूच. तुमच्या बाबांबद्दल इतकंही म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या विडीचा धूर, चुलीचा धूर, शहराची हवा, जमिनीतून येणारा रेडॉन वायू, घराण्यात असलेली प्रवृत्ती, ही सगळी न ओढणाऱ्यांतली माहितीतली कारणं. त्याशिवाय पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल चुकते, आणि ती नेमक्या त्याच जागी का चुकली याला ‘का’ असेलच असंही नाही. किरणोत्सारी पदार्थाचा नेमका कोणता अणू आता फुटेल याला काही आधीचं कारण असतं असं भौतिकशास्त्रही मानत नाही, निदान त्याच्या रूढ मांडणीत. पेशीतली चूक त्याच जातीची की आपल्या अज्ञानामुळे ती तशी भासते, यावर वाद होऊ शकतो. दोन्ही बाजूंनी घरच्यांच्या हाती येणारं उत्तर तेच राहतं.

राहिला प्रश्न ‘खरं काय’ याचा. कॉलऱ्याचं खरं कारण कोणतं? स्नो म्हणाला पाणी. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात काम करून जंतू दाखवला. १९५९ मध्ये त्याच शहरात शंभूनाथ डे यांनी सिद्ध केलं की आतड्याला पाणी सोडायला लावतं ते जंतूचं विष. १९९६ मध्ये कळलं की ते विष तयार करणारी जनुकं जंतूला एका विषाणूकडून मिळालेली आहेत. आणि सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू देणारी नगरपालिका? तीही कारणच. यातल्या एकाने दुसऱ्याला खोटं ठरवलं नाही. नळ दुरुस्त करणाऱ्याला स्नोचं कारण लागतं, औषध करणाऱ्याला डे यांचं. यावरून काही जण म्हणतात की कारण मग पाहणाऱ्याच्या डोळ्यातच असतं. मला ते पटत नाही. कोणतं कारण विचारायचं हे आपण ठरवतो. उत्तर काय येईल हे आपण ठरवत नाही. ३१५ आणि ३७ हे आकडे स्नोच्या मर्जीने आले नव्हते. वस्तूचं अंतिम स्वरूप काय, यावर मी बोलण्याचा अधिकारी नाही. पण आपल्या समजुतीला नकार देऊ शकणारं काहीतरी समोर आहे, हे मी बीटा-कॅरोटिनच्या निकालावरून सांगू शकतो.

तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली होती, तिच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसलो: आई अजून म्हणते, आमचंच काहीतरी चुकलं असणार. हे वाक्य मी वॉर्डाबाहेरच्या बाकांवर फार वेळा ऐकलं आहे. कोणी फोडणीच्या धुराला दोष देतं, कोणी उशिरा दाखवलेल्या खोकल्याला, कोणी पूर्वजन्मीच्या पापाला. आईंना सांगा की एका डॉक्टरने विचारपूर्वक, धीर द्यायचा म्हणून नव्हे, असं लिहिलं आहे: तुमच्या हातून अमुक झालं म्हणून हे घडलं, असं म्हणायला लागणारा पुरावा कोणाकडेच नाही आणि असूही शकत नाही. ज्याला पुराव्याचा आधार होऊ शकत नाही, असा आरोप त्यांनी स्वतःवर ठेवू नये. आणि तुमचे जे भाऊ आजोबांचं उदाहरण देऊन सिगारेट ओढतात असं तुम्ही लिहिलंय, त्यांना वरचे १६ आणि एक हे दोन आकडे दाखवा. त्यांचं वय चाळिशीच्या आत असेल, तर आज सोडल्याने त्यांना जवळपास नऊ वर्षं परत मिळण्याची अपेक्षा धरता येते.